लंगोटाखालची लाली : वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

एप्रिल उजाडला की नागपुरात कूलरमध्ये नवा वाळा भरण्याची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. सर्दी-खोकल्याची पत्रे कमी होतात आणि बाळाच्या जांघांतील व कुल्ल्यांवरील लालीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी अशी बरीच पत्रे एकदम आल्यामुळे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी आखूड केली आहेत.

आमची मुलगी सात महिन्यांची आहे. तिच्या कुल्ल्यांवर लाली आली, तेव्हा औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावली. दोन दिवसांत लाली गेली. पण मलम थांबवताच ती परत आली. असे आतापर्यंत चार वेळा झाले आहे. आता तिथली कातडी पातळ आणि चकचकीत दिसते. ट्यूबवर चार औषधांची नावे आहेत. हेच मलम चालू ठेवावे काय? — एक आई, मानेवाडा

नाही. आज ही ट्यूब लावणे थांबवावे आणि दोन-तीन दिवसांत मुलीला डॉक्टरांना दाखवावे. मलम सलग काही आठवडे वापरले असेल, तर ते बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली पूर्वीपेक्षा अधिक दिसू शकते. अशा वेळी घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतली जाते आणि हे चक्र पुढे चालू राहते.

ज्या ट्यूबवर तीन-चार नावे असतात, तिच्यात बहुधा एक बुरशीचे औषध, एक-दोन जंतूंची औषधे आणि एक स्टेरॉइड असते. ट्यूबच्या पाठीवरील बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव सापडले, तर ते स्टेरॉइड समजावे. लाली दोन दिवसांत जाते ती त्याच्यामुळे. स्टेरॉइड लालपणा दाबते, परंतु लाली ज्या कारणाने आली ते कारण लंगोटाखाली जसेच्या तसे राहते. त्यातच लहान बाळाची कातडी पातळ असते आणि डायपरने ती घट्ट झाकलेली असते. झाकलेल्या, ओल्या कातडीतून औषध अधिक प्रमाणात आत शोषले जाते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या हातावर जे मलम सौम्य ठरेल, तेच बाळाच्या जांघेत तीव्र ठरते. कातडी पातळ होणे, तीवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे, बुरशी आतून पसरणे आणि फार दिवस वापर झाल्यास शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांवर परिणाम होणे, हे सर्व त्यातून घडू शकते. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत आणली, ती अशाच गैरवापरामुळे. तरीही काउंटरवरून ती हातोहात मिळतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मागील उन्हाळ्यात एका आईने माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली होती. तिच्यातून पाच ट्यूब, पावडरचा एक डबा, ओल्या पुसण्यांची, म्हणजे वेट वाइप्सची, दोन पाकिटे आणि कसल्याशा तेलाची एक बाटली निघाली. बाळ आठ महिन्यांचे होते. या सर्व वस्तू बंद करून तिला फक्त कापूस, साधे पाणी आणि जस्ताचे पांढरे मलम एवढेच वापरण्यास सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फीचे पैसे वाया गेल्याचा भाव स्पष्ट दिसला. आठवड्याने ती परत आली तेव्हा त्या पिशवीविषयी ती काही बोलली नाही. फक्त बाळाचा लंगोट सोडून दाखवला.

आता मूळ कारणाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ते समजले की उपचार आपोआप समजतो. पूर्वी असे मानत की शूमधील अमोनियामुळे कातडी भाजते. प्रत्यक्षात निरोगी कातडीवर थोडा वेळ शू राहिली, तर तेवढ्याने फारसे बिघडत नाही. बिघाड सुरू होतो तो ओल, घर्षण आणि शी-शू यांच्या एकत्र येण्यातून. सतत ओली राहिलेली कातडी फुगते, जशी आपली बोटे धुण्याभांड्यानंतर सुरकुततात, आणि अशी फुगलेली कातडी लंगोटाच्या घर्षणाने सहज सोलवटते. शीमधील जंतू शूमधील युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. त्यामुळे कातडीची स्वाभाविक आम्लता कमी होते. आणि आम्लता कमी झाली की शीमध्ये असलेली, प्रथिने व चरबी पचविणारी विकरे अधिक तिखट होतात. आतड्यात अन्न पचविण्यासाठी असलेली ही द्रव्ये मग बाळाच्या कातडीलाच पचवू लागतात, असे म्हटले तरी चालेल. जुलाबात लाली एका दिवसात का भडकते आणि केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांना, ज्यांच्या शीची आम्लता अधिक असते, ही तक्रार तुलनेने कमी का होते, याचे उत्तर यातच आहे. साधारणतः नऊ ते बारा महिन्यांच्या वयात, म्हणजे वरणभात, खिचडी सुरू होऊन शीचे स्वरूप बदलल्यावर, ही लाली सर्वाधिक आढळते. आपली मुलगी त्याच उंबरठ्यावर आहे.

म्हणून उपचार असा करावा. शी झाल्याबरोबर लंगोट बदलावा. दिवसा शूचा डायपर दोन ते तीन तासांनी बदलावा. ती जागा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने किंवा मऊ सुती फडक्याने पुसावी. मुलींमध्ये पुसण्याची दिशा नेहमी पुढून मागे असावी. मुलग्यांमध्ये शूच्या जागेची पुढची कातडी मागे ओढण्याचा प्रयत्न करू नये. शी वाळून चिकटली असेल तर घासू नये. थोडे खोबरेल तेल लावून, मिनिटभर थांबून, मग अलगद काढावी. त्यानंतर फडक्याने टिपून घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे बाळाला उघडेच ठेवावे. खाली मेणकापड आणि त्यावर जुने सुती धोतर अंथरले, म्हणजे गादीची चिंता राहत नाही.

कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर झिंक ऑक्साइडचे, म्हणजे जस्ताचे, पांढरे घट्ट मलम लावावे. येथे बहुतेक जण चुकतात. पोळीला तुपाचा हात फिरवावा तसे ते लावतात आणि चोळून जिरवतात. हे मलम जिरवायचे नसते. भिंतीवर पुट्टीचा थर द्यावा तसा जाड थर द्यायचा असतो, इतका की खालची कातडी दिसू नये. पुढच्या वेळी डायपर उघडल्यावर वरचा मळलेला थर तेवढा पुसावा. स्वच्छ पांढरा थर शिल्लक असेल, तर तो तसाच ठेवून त्यावरच नवा थर द्यावा. प्रत्येक वेळी खरवडून काढले, तर मलमाने राखलेली कातडी आपणच सोलून काढतो. जस्ताचे मलम मिळाले नाही, तर साधी, सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली चालेल. साधी लाली एवढ्यावर दोन ते तीन दिवसांत स्पष्टपणे उतरू लागते.

आम्ही चार मुले सुती लंगोटात वाढवली, कुणाला काही झाले नाही. सुनेने आल्यापासून नातवाला दिवसरात्र डायपर लावला आहे आणि त्याच्या जांघा लाल झाल्या आहेत. डायपर हेच कारण ना? तिला तुम्हीच लिहून सांगा. — एक आजी, महाल

आजी, आपल्या बाजूने अर्धाच निकाल देता येईल. आजच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारे दाणेदार द्रव्य असते. त्यावर पाणी पडले की त्याचा गोळा होतो आणि दाबले तरी ओल सहजी वर येत नाही. विश्वास बसत नसेल तर नव्या डायपरवर अर्धी वाटी पाणी ओतून, दोन मिनिटांनी त्यावर कोरडा कागद दाबून पाहावा. आणि तेवढेच पाणी चौपदरी लंगोटावर ओतून तोच कागद दाबावा. लंगोट प्रत्येक शूनंतर बदलला तरच तो डायपरपेक्षा सरस ठरतो. आपल्या काळी घरात लंगोट बदलणारे हात अधिक होते, आणि खरे कारण बहुधा तेच होते.

डायपरचा दोष वेगळा आहे. तो कोरडा वाटतो म्हणून पाच-सहा तास तसाच राहतो आणि त्यात झालेली शी कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, प्लास्टिकच्या आवरणाखाली घाम साचतो आणि कमरेच्या पट्ट्याखाली व मांडीच्या इलॅस्टिकखाली घामोळ्या उठतात. त्यांना लोक डायपरची लाली समजतात. पण घामोळ्या बारीक, सुट्या पुळ्यांच्या असतात आणि बाळाच्या मानेवर, पाठीवरही दिसतात. त्यांना मलम नको, वारा हवा. कूलरचा झोत थेट बाळावर येऊ न देता, खिडकी उघडी ठेवून खोलीत वाहती हवा राहील असे पाहावे, कारण बंद खोलीत कूलर लावला की हवा गारही राहत नाही आणि ओलही वाढते.

माझा सल्ला असा की दिवसा, घरात आपण दोघी असताना, नातवाला सुती लंगोट असावा किंवा काही वेळ काहीच नसावे, आणि रात्री किंवा बाहेर जाताना डायपर असावा. खर्चाच्या दृष्टीनेही ते परवडते. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी मात्र चढवू नये, कारण मग दोन्ही पद्धतींचे दोष एकत्र येतात. लंगोट धुताना शी आधी वेगळी धुऊन घ्यावी, मग गरम पाण्यात साबणाने धुवावे आणि साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन पाण्यांतून, खळबळावे. सुगंधी कंडिशनर टाळावे. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर लंगोट तासाभरात खडखडीत वाळतात. अडचण येते ती जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा ते दोन-दोन दिवस दमट राहतात आणि वास येऊ लागतो. तेव्हा ते गरम इस्त्रीने पूर्ण कोरडे केल्याखेरीज बाळाला बांधू नयेत.

हे पत्र सुनेला आपणच वाचून दाखवावे, ही विनंती.

माझी मिहानमध्ये पाळीची नोकरी आहे आणि पत्नीही दमलेली असते. पाच महिन्यांच्या बाळाला रात्री डायपर बदलण्यासाठी उठवावे काय? — एक वडील, वर्धा मार्ग

शू झाली म्हणून झोपलेल्या बाळाला उठवण्याची आवश्यकता नाही. रात्री झोपण्यापूर्वी नवा डायपर, त्याखाली जस्ताच्या मलमाचा थर आणि रात्री दूध पाजण्यासाठी उठाल तेव्हा एकदा बदल, एवढे पुरते. शी झाली असेल तर मात्र झोप मोडली तरी बदलावे. लाली आलेली असेल त्या काळात चार-पाच रात्री हे अधिक काटेकोरपणे पाळावे. डायपर कमरेशी दोन बोटे सहज जातील इतका सैल असावा. मांडीवर इलॅस्टिकचे वळ उमटत असतील, तर पुढचे माप घ्यावे.

मुलाला कानाच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक दिले. त्यानंतर जुलाब झाले आणि आता जांघांच्या घड्यांत गडद लाली आहे. तिच्या कडेला सुटे लाल ठिपके आहेत. जस्ताचे मलम पाच दिवस लावूनही फरक नाही. — एक आई, हिंगणा

आपण केलेल्या वर्णनातच निदान दडलेले आहे. ओल आणि घर्षणाने येणारी साधी लाली जिथे लंगोट टेकतो तिथे, म्हणजे कुल्ल्यांच्या व मांड्यांच्या उंचवट्यांवर, येते आणि घडीच्या आतील कातडी बहुधा वाचते. घडीच्या तळापर्यंत गेलेली, मांसासारखी लालभडक आणि कडेला सुटे ठिपके असलेली लाली बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाच्या बुरशीची असते. ही बुरशी आतड्यात एरवीही थोडी असते. अँटिबायोटिकने तिला आवरणारे जंतू मारले की ती फोफावते आणि जुलाबाने सोलवटलेली कातडी तिला आयती मिळते. साधी लालीसुद्धा तीन दिवसांपेक्षा अधिक टिकली, तर तीत बुरशी शिरल्याची शंका घ्यावी.

बाळाच्या तोंडातही पाहावे. जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला दह्याच्या साक्यासारखे पांढरे चट्टे असतील आणि ते फडक्याने पुसून निघत नसतील, तर तीही हीच बुरशी असते आणि तिच्यासाठी तोंडात घालण्याचे वेगळे औषध लागते. पाजताना आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. आई व बाळ दोघांवर एकत्र उपचार केले नाहीत, तर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

उपचार सोपा आहे. क्लोट्रिमॅझोल एक टक्का, आणि फक्त तेवढेच एक औषध असलेले मलम, डॉक्टरांना विचारून दिवसातून दोन वेळा पातळ लावावे. ते दोन-चार मिनिटे बसू द्यावे आणि त्यावर जस्ताच्या मलमाचा जाड थर द्यावा. क्रम उलटा केला, तर औषध कातडीपर्यंत पोहोचतच नाही. लाली गेली तरी पुढे दोन-तीन दिवस औषध चालू ठेवावे. एकूण सात ते दहा दिवस लागतात. सूज फार असेल, तर डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोड्या दिवसांसाठी देतात. ते त्यांच्या सांगण्यावरून आणि त्यांनी सांगितले तेवढेच दिवस वापरावे.

जुलाब थांबलेले नसतील, तर ओआरएस द्यावे आणि त्यासोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्या लागतात; सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम जस्त आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम. कुल्ल्यांवर जस्ताचे मलम लावले म्हणून पोटातील जस्त टाळता येत नाही. या दोन्ही गोष्टींची कामे वेगळी आहेत. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की येथे लिहून ठेवणे बरे वाटले. सुरू असलेले अँटिबायोटिक मात्र स्वतःच्या मनाने मध्येच थांबवू नये. डॉक्टरांना फोन करून विचारावे.

मालीश करणारी बाई खोबरेल तेलात कापूर घालून लावते आणि वर बोरिक पावडर भुरभुरते. ती म्हणते, याने ओल शोषली जाते. — एक आई, सक्करदरा

तिचा हात चांगला असेल, पण या दोन्ही गोष्टी आजच बंद कराव्यात. बोरिक पावडर सोलवटलेल्या कातडीतून रक्तात जाते आणि तान्ह्या बाळांना तिची विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कापूरही कातडीतून शोषला जातो आणि त्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात. टाल्कम पावडर ओल शोषते खरी, पण घडीत तिचे गोळे होऊन ते टोचतात, आणि भुरभुरताना उडालेली बारीक पूड बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते. बेसनाचे उटणे, अँटिसेप्टिक द्रव घातलेले आंघोळीचे पाणी आणि मोहरीचे तेल लाल झालेल्या जागेपासून दूर ठेवावे. नुसते खोबरेल तेल निरोगी कातडीवर चालते. ओल शोषण्याचे काम फडक्याने टिपून आणि हवेने होते. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

ओल्या पुसण्या प्रवासात सोयीच्या आहेत; परंतु सुगंध व अल्कोहोल नसलेल्याच घ्याव्यात आणि लाली असताना त्याही टाळाव्यात. काहींमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचे टिकाऊ द्रव्य असते, ज्याची ॲलर्जी पुसणाऱ्या आईच्या बोटांनाही होऊ शकते.

बाळाच्या लंगोटाच्या जागेसोबत तोंडाभोवती आणि हातापायांच्या बोटांवरही लाल, खपल्या धरलेले चट्टे आले आहेत. आईचे दूध महिन्यापूर्वी तोडले. केसही गळत आहेत. — एक वडील, काटोल

ही डायपरची लाली नाही असे गृहीत धरून बाळाला या आठवड्यातच तज्ज्ञांकडे न्यावे. तोंडाभोवती, शी-शूच्या जागेभोवती आणि हातापायांवर एकाच वेळी चट्टे, त्यांच्यासोबत केस गळणे, जुलाब आणि किरकिर, असे चित्र शरीरातील जस्ताच्या कमतरतेत दिसते. काही बाळांच्या आतड्यांत जन्मतःच जस्त नीट शोषले जात नाही. आईच्या दुधातील जस्त त्यांना बरेचसे पचते, म्हणून त्रास बहुधा दूध सुटल्यावर उघड होतो. तपासणीनंतर पोटातून जस्त सुरू केले की काही दिवसांत फरक दिसू लागतो. अशा बाळांना ते पुढेही दीर्घकाळ घ्यावे लागते. मात्र नेमके निदान प्रत्यक्ष तपासल्याशिवाय होणार नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत बालरोग व त्वचारोग असे दोन्ही बाह्यरुग्ण विभाग आहेत.

याच निमित्ताने इतर वाचकांसाठीही लिहितो. लालीवर पाण्याचे किंवा पुवाचे फोड आले, मधासारखी पिवळी खपली धरली, बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, कातडीतून रक्त येऊ लागले किंवा बाळ दीड महिन्यापेक्षा लहान असेल, तर घरगुती उपचारांत एक दिवसही घालवू नये. शीच्या जागेभोवती रेखीव कडेची लालबुंद लाली असेल आणि शी करताना बाळ कळवळून रडत असेल, तर तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग असतो आणि त्याला पोटातून औषध लागते. मलमाने तो बरा होत नाही. डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या आणि घड्यांत लाली अशी जोडी दिसली, तर ती डॉक्टरांना दोन्ही ठिकाणी दाखवावी, केवळ खालची नव्हे.

दवाखान्यात येताना आतापर्यंत बाळाला जे जे लावले, त्या सर्व ट्यूब आणि डबे पिशवीत घालून आणावेत. रिकाम्या झालेल्या ट्यूबसुद्धा आणाव्यात.